सलाईनच्या नळ्या, सिरिंज रिसायकल होतात का खरंच?

आमच्या वॉर्डात बाटल्या, नळ्या, सुया सगळं एकाच पिशवीत कोंबतात, विचारलं तर म्हणे शेवटी जाळायचंच ना. बरोबर आहे का हे?

> अजिबात नाही!! नळ्या बऱ्याचदा पीव्हीसी प्लास्टिकच्या, जाळल्या की डायॉक्सिन, म्हणजे विषारी रसायनं. आधी ऑटोक्लेव्ह, म्हणजे जंतू मारायला १२१ डिग्रीला दाबाच्या वाफेत, मग श्रेडरमध्ये तुकडे (कोणी धुवून परत विकू नये म्हणून), आणि मगच रिसायकलला.

> सुईला टोपण परत लावू नका प्लीज, तेव्हाच टोचतं. सुयांचा डबा पाऊण भरला की बंद.

> डब्ल्यूएचओ म्हणते साधारण ८५% कचरा साधाच असतो, पण रक्ताळलेला एक बोळा पडला की सगळंच धोकादायक धरावं लागतं, म्हणून वेगळं करायचं ते पेशंटच्या बाजूलाच, नंतर चिवडत बसायचं नाही.

केमोच्या (कॅन्सरच्या औषधांच्या) बाटल्या पण ऑटोक्लेव्हलाच?

> नाही हो, ते औषध वाफेने नष्ट होत नाही, तो डबा वेगळाच.