कॉमर्सचे बी.एड.वाले शिकवायचं विसरतात म्हणे!

सूरसागरकर
काल इथे एकांनी लिहिलं की मायक्रोटीचिंग (एकेका कौशल्याचा काही मिनिटांचा सराव पाठ) निव्वळ नाटक आहे, कॉमर्सचे बी.एड.वाले नोकरीला लागले की सहा महिन्यांत सगळं विसरतात, तर ते बंदच करा. फार लागलं मनाला. २२ वर्षं बडोद्यात अकरावी-बारावीला अकाउंट्स शिकवतोय, गुजराती मीडियम, आणि दरवर्षी इंटर्नशिपची पोरं माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसतात. ती विसरत नाहीत हो, त्यांना विसरायला लावतात. मायक्रोटीचिंगचं एक चक्र ३६ मिनिटांचं: ६ मिनिटं शिकवा, ६ फीडबॅक, १२ मिनिटं पुन्हा आखणी, परत ६ शिकवा, परत ६ फीडबॅक. म्हणजे शिकवणं १२ मिनिटं आणि त्यावर विचार २४! शाळेत लागल्यावर ती २४ मिनिटं देतं कोण? मी ज्या शाळेत लागलो तिथे वरिष्ठ वर्गात यायचे ते हजेरीपत्रक बघायला. रोज लागतं ते टिकतं, खोदून प्रश्न विचारणं, घसारा (वापराने घटणारी किंमत) शिकवताना बाबांच्या जुन्या स्कूटरचं उदाहरण देणं. जातं ते प्रस्तावना कौशल्य, म्हणजे धड्याची सुरुवात करून देणं, आणि फळ्याची आखणी, कारण ते कुणी बघतच नाही. आणि हे बडोद्यात बोलावं? ७०च्या दशकात आपल्या युनिव्हर्सिटीच्या 'केस'मध्ये, म्हणजे शिक्षणशास्त्राच्या अभ्यासकेंद्रात, पासी सरांनी मायक्रोटीचिंगवर केवढं काम केलं!

वहीखातं
कालचा तो मीच. मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसने १८८५ मध्येच दाखवलंय माणूस किती पटकन विसरतो ते. माझा मामा मांडवीत कापडाच्या पेढीवर मुनीम, बी.एड. सोडा कॉलेजही नाही, त्याने एका दिवाळीच्या सुट्टीत शिकवलेलं नावे-जमा (डेबिट-क्रेडिट) मला आजही पाठ आहे.

रावपुरा_ताई
एबिंगहाउसने स्वतःवर प्रयोग केले, तेही निरर्थक शब्द पाठ करून. शिकवणं म्हणजे पाठांतर आहे का? आणि मामांनी एका भाच्याला शिकवलं, वर्गात साठ असतात.

नवी_शिक्षिका
माझं जरा वेगळंच झालं. दहावीपर्यंत मराठी शाळा, पाठ मात्र गुजरातीतून घ्यायचे. पहिल्याच पाठाला मी 'तेरीज' (ट्रायल बॅलन्स) म्हणाले आणि वर्ग बघतच राहिला, तिथे त्याला 'काचुं सरवैयुं' म्हणतात. त्यात डेबिटला 'उधार'. आपल्या कानाला उधार म्हणजे पैसे द्यायचे बाकी! रोख देऊन यंत्र घेतलं तरी यंत्र खातं उधार? मीच गोंधळले, प्रस्तावना कौशल्य कुठल्या कुठे गेलं.

वहीखातं
म्हणूनच म्हणतो, 'नावे' हाच खरा शब्द. कुणाच्या नावे लिहिलं ते लगेच कळतं.

रावपुरा_ताई
गुजराती मुलाला 'नावे' काय कळणार? सरळ डेबिट-क्रेडिट म्हणा.

टॅलीवाला
कशाला हे सगळं? टॅली सॉफ्टवेअरमध्ये व्हाउचर (व्यवहाराची नोंद) टाका, काचुं सरवैयुं आणि पाकुं सरवैयुं (ताळेबंद) आपोआप येतं. २०१७ ला जीएसटी आल्यापासून हाताने कोण लिहितं?

सूरसागरकर
हेच, हेच घातक आहे! माझ्याकडे एक मुलगा टॅलीचा कोर्स करून आला, भाडं दिलं तर काय डेबिट होईल विचारलं तर गप्प. मशीन बेरीज करतं, शिकवत नाही.

टॅलीवाला
काका, तुमच्या फळ्यावरच्या जर्नलने नोकरी मिळत नाही. मला टॅलीने मिळाली, बहिणीचं लग्न झालं त्या पगारावर. घातक म्हणू नका.

सूरसागरकर
बरं, 'घातक' मागे घेतो. पण आधी फळा मग टॅली, हे सोडणार नाही.

रावपुरा_ताई
मूळ प्रश्नावर या. २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं, दुसऱ्या वर्षी १६ आठवडे शाळेत काढायचे. मग तरी का टिकत नाही? माझ्या भाचीला १६ आठवड्यांत निम्मे दिवस परीक्षेच्या सुपरव्हिजनला आणि गॅदरिंगच्या तयारीला जुंपलं. तिचा तास कुणी शेवटपर्यंत बसून बघितला तो दोनदाच.

वहीखातं
दोनदा?! हे माहीत नव्हतं. ठीक आहे, फीडबॅकचा मुद्दा मान्य, 'बंद करा' मागे घेतो. 'नावे'चा नाही सोडणार.

नवी_शिक्षिका
सूरसागरकर काका, मी माझा तास फोनवर रेकॉर्ड करून पाठवला तर बघाल? इथे मला कुणी सांगणारं नाही.

सूरसागरकर
पाठव गं. पहिली ६ मिनिटंच पाठव, रात्री फोन करतो. आणि फळा नीट दिसू दे.