'थरथर कापणे'मधला 'काप' कुठला?

ओंकार (बी विंग): थंडीने कापणे आणि भाजी कापणे, क्रियापद एकच का? शब्दकोशात नोंदी दोन आहेत.

देशपांडेकाका: दोन वेगळे शब्द आहेत. थरथरण्याचा 'कापणे' संस्कृत 'कम्प्' धातूचा. दन्तचा दांत, पञ्चचे पांच, तसे कम्पचे कांप: अनुनासिक सैल पडला, आधीचा स्वर लांबला. चिरण्याचा 'कापणे' मात्र 'कॢप्' धातूचा. कल्पयति, प्राकृतात कप्पेइ, मग काप. सप्त-सत्त-सात, हस्त-हत्थ-हात, तीच वाट.

नीलिमाताई: 'कॢप्' म्हणजे रचणे, बेतणे. 'कल्पना' त्यातलीच. आणि संस्कृतात कात्रीला 'कल्पनी' म्हणतात, म्हणजे बेतण्यापासून कापण्यापर्यंतची साखळी शाबूत आहे!

ओंकार: मग कापडही ह्याच घराण्यातलं?

नीलिमाताई: नाही रे. कापड 'कर्पट'वरून, कापूस 'कर्पास'वरून.

देशपांडेकाका: लिखाणात घोटाळा अलीकडचा. मोल्सवर्थच्या १८५७च्या कोशात थरथरण्याचा शब्द 'कांपणें' असा अनुस्वारासह आहे. १९६२च्या लेखननियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार काढले आणि दोन्ही सारखे दिसू लागले. नांव (नाम) आणि नाव (होडी) यांचंही तेच झालं. नियम सोयीचा आहे, पण व्युत्पत्ती शोधताना जुनं लेखन बघावंच लागतं.

शुभदाकाकू: वाक्यात ओळखायला भूतकाळ करून बघा. 'तिने दोरी कापली', पण 'ती भीतीने कापली'. चिरण्याच्या अर्थी कर्त्याला 'ने' लागतो, थरथरण्याच्या अर्थी नाही. 'भीतीने'मधला 'ने' कारणाचा, त्याने फसू नका. 'कापवणे' हे प्रयोजक रूपही चिरण्याचंच ऐकू येतं. दुसऱ्याला कापायला लावायचं तर 'थरकाप उडवणे' म्हणावं.

ओंकार: थरथर, चळचळ, लटलट, सगळं एकच?

शुभदाकाकू: अजिबात नाही. थंडी, राग, भीती, कशानेही थरथर कापतात. चळचळा कापणं धाकाचं, समोर कुणी जबरदस्त हवा. लटलटा म्हटलं की पाय डोळ्यांसमोर येतात. हुडहुडी भरते ती थंडीने किंवा ताप चढताना. कापरं हातांत भरतं, आवाजही कापरा होतो. शहारा मात्र अंगावर येतो आणि क्षणात जातो, त्यात हातपाय हलत नाहीत.

देशपांडेकाका: 'थरथर' हालचालीची नक्कल करणारा शब्द, प्राकृतात 'थरहरइ' आहे. 'थरकाप'मध्ये तो थर आणि हा काप एकत्र आले.

नीलिमाताई: 'कंप' तत्सम रूपातही भरपूर आहे: भूकंप (भू दीर्घच), कंपवात, निष्कंप. मला सर्वांत आवडतो तो 'अनुकंपा'. दुसरा कापतो त्यामागोमाग आपणही कापणं! 'अनुकंपा तत्त्वावर नियुक्ती' लिहिताना हा अर्थ कुणाच्या मनात येत नाही. संगीतातही आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकरा'त गमकाची व्याख्याच 'स्वरस्य कम्पः' अशी केली, ऐकणाऱ्याच्या चित्ताला सुख देणारा कंप. पंधरा गमकांतला एक 'कम्पित'.

ओंकार: आणि कंपू?

देशपांडेकाका: त्याचा कंपाशी संबंध नाही. तो युरोपीय छावणीचा, 'कँप'च्या गोतावळ्यातला शब्द. महादजी शिंद्यांच्या कवायती पलटणींना कंपू म्हणत. 'कंपनी'ही परकीयच.