सोपलँड: जुन्या गिऱ्हाइकाचं म्हणणं, कायद्याने हे सोंग बंद करावं

आसाकुसाकर:
बरीच वर्षं तोक्योत राहतो आणि योशिवारा या इथल्या जुन्या वेश्यावस्तीतल्या सोपलँडचं, म्हणजे अंघोळीच्या नावाखाली शरीरसंबंध विकणाऱ्या दुकानाचं, जुनं गिऱ्हाईक आहे. आपल्या लोकांत यावर कुणी उघड बोलत नाही, म्हणून धागा काढतोय.

कागदोपत्री हे ‘खासगी खोल्यांचं स्नानगृह’. खाली काउंटरवर सुटातल्या माणसाकडे अंघोळीचे पैसे भरायचे, बोलावणं येईपर्यंत चहा पीत बसायचं, मग वर खोलीत बाकीची रक्कम रोख बाईच्या हातात. पुढचं सगळं दोन प्रौढांचं खासगी, मालकाचा संबंध नाही, असं सगळ्यांनी धरून चालायचं. जपानचा देहविक्रयविरोधी कायदा १९५६चा, शिक्षा १९५८पासून लागू, आणि धंदा राजरोस चालू.

या सोंगाची किंमत ती बाई मोजते. मालकाच्या लेखी ती कामगार नाही, स्वतंत्र व्यावसायिक. म्हणजे आजारपणाची पगारी रजा नाही. दिवसभर साबण आणि गरम पाण्यात राहून बोटांची कातडी सोलवटलेली मी जवळून पाहिली आहे. कोविडमध्ये छोट्या धंद्यांना सरकारी मदत मिळाली, या धंद्याला वगळलं, आणि २०२५मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयानेही ते मान्य केलं. कर मात्र चालतो! हे काम म्हणून मान्य करा आणि कामगार कायदे लावा.

रेवा:
बोटं दिसली, कर्ज दिसलं का? होस्ट क्लबमध्ये, म्हणजे पुरुष बायकांशी गोड बोलून दारू खपवतात त्या बारमध्ये, तिला उधारीवर बाटल्या उघडायला लावतात, उधारी फिटेना की दलाल तिला या धंद्यात आणून सोडतो आणि दुकानाकडून कमिशन घेतो. हे इतकं वाढलं की २०२५मध्ये कायदा बदलून त्या कमिशनवर बंदी आणावी लागली. हसून स्वागत करणं हे तिचं काम आहे, त्यावरून ती राजीखुशीने आली हे तुम्ही कसं ठरवलंत? स्वीडनने १९९९मध्ये विकत घेणाऱ्यालाच गुन्हेगार ठरवलं. मला तेच पटतं.

आसाकुसाकर:
राजीखुशीचा दाखला मी देत नाहीये. पण तोक्योच्याच काबुकिचो या रात्रीच्या धंद्यांच्या भागात ओकुबो पार्कजवळ रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या बायका बघा. पोलीस उचलतात ते त्यांना. तिथे ना काउंटर, ना हाकेला धावणारं कुणी. गिऱ्हाइकाला शिक्षा लावलीत तर धंदा आणखी अंधारात जाईल.

कृष्णाकाठ:
तुम्ही दोघंही त्या बायकांच्या वतीने बोलताय. आमच्या सांगलीत वेश्या अन्याय मुक्ती परिषदेच्या बायका स्वतःची बाजू स्वतः मांडतात. जपानातही ‘स्वॉश’ ही या कामातल्या लोकांची संघटना १९९९पासून आहे. आधी त्यांना विचारा.

रेवा:
विचारायलाच हवं. पण कर्जात बुडालेली बाई संघटनेच्या बैठकीला येत नाही, काउंटरवाला पाठवेल तिथे जाते. दलालाला किती दिलेत, हे तुम्ही कधी काउंटरवर विचारलंत?

आसाकुसाकर:
नाही. विचारलं तरी कुणी खरं सांगणार नाही. म्हणूनच लेखी करार आणि उघडे हिशेब हवेत, आणि ते तपासायला कामगार खात्याचा माणूस दुकानात यायला हवा. गिऱ्हाइकाच्या शिक्षेला माझा विरोध कायम आहे.