जहाईतले वासाचे शब्द, आणि कोरकूत ते कसे शोधायचे?

सातपुडा_वाचक: मलेशियातल्या जहाई भाषेत वासांसाठी डझनभर स्वतंत्र शब्द आहेत असं वाचलं. पण कुबट, खवट, करपट, वशाट आपल्याकडेही आहेतच की! मग त्यांचं वेगळं काय? आणि मेळघाटात कोरकूतले असे शब्द गोळा करायचे तर कसे? कोरकू त्याच कुळातली ना?

निरगुडी: कूळ एकच, ऑस्ट्रोआशियाई. कोरकू त्यातल्या मुंडा शाखेची, जहाई अस्ली शाखेची. कोरकूत नाक 'मू', अस्लीतल्याच सेमाईत 'मुह'. मात्र एकेका शब्दावर नातं ठरवू नका. सेमाईत डोळा 'मत', मलयमध्ये 'माता', आणि मलयचं कूळच निराळं.

जहाई बोलणारे हजारभर, पेराक-केलांतानच्या डोंगरी जंगलातले. त्यांचे वासाचे शब्द क्रियापदांसारखे चालतात. 'च्ङेस' (उच्चार जवळपास असा) हा एकच शब्द पेट्रोल, धूर, वटवाघळांची विष्ठा आणि काही जातींच्या पैसा-किड्यांना लागू. चिरडलेली ऊ किंवा खारीचं रक्त यांच्या वासाला वेगळा शब्द. त्या वासाने वाघ येतो असं ते मानतात. आपला 'खवट' तेल, खोबरं, शेंगदाण्यापाशीच थांबतो. 'कुबट' तेवढा जहाई शब्दांसारखा, अनेक वस्तूंना चालणारा.

खरा फरक वापरात आहे. 2014 च्या अभ्यासात जहाई आणि इंग्रजी भाषकांना तेच 12 वास दिले. जहाई लोकांनी रंगांइतक्याच सहजपणे आणि एकमताने वासांना नावं दिली. इंग्रजीवाले 'अमक्यासारखा, तमक्यासारखा' करत लांबण लावत बसले.

कोरांटी: त्याचं श्रेय नुसत्या जंगलाला देऊ नका. 2018 मध्ये सेमाक बेरी आणि सेमेलाई यांची तुलना झाली. दोन्ही अस्ली, दोन्ही वर्षावनातले. शिकार-कंदमुळांवर जगणारे सेमाक बेरी वासांत पटाईत निघाले, शेती करणारे सेमेलाई नाहीत.

आता पद्धत. अपारदर्शक बाटल्यांत कापसाचा बोळा ठेवा, वस्तू दिसता कामा नये. 'कसला वास?' विचारलंत की 'पेट्रोलचा' हेच उत्तर येणार. 'वास कसा आहे?' असं कोरकूतच विचारा. हिंदी-मराठी शब्द सुचवू नका. माणसं एकेकटी बसवा, नाहीतर म्हाताऱ्याचंच उत्तर सगळे गिरवतात. दोन वासांमध्ये थोडा वेळ जाऊ द्या आणि पेट्रोल, रॉकेल शेवटी. 2014 च्या अभ्यासातल्या चॉकलेटऐवजी मोह घ्या, पण ताजी फुलं, वाळलेली फुलं आणि दारू यांच्या बाटल्या वेगळ्या.

उलटतपासणी मात्र चुकवू नका. शब्द मिळाला की 'आणखी कशाला असा वास येतो?' विचारा. एकमेकांशी संबंध नसलेल्या चार-पाच वस्तू आल्या तर तो वासाचा शब्द. एकच आली तर ते वस्तूचं नाव.

सातपुडा_वाचक: रंगांचे पत्तेही लागतील?

कोरांटी: हो, त्याच माणसांना दाखवा. त्याशिवाय वासांना सहज नाव मिळतं की अडखळत, हे कशाशी ताडणार? जहाईंना 80 दाखवले होते, तुम्हाला वीसेक पुरतील. सगळी उत्तरं रेकॉर्ड करा, मग कितीजणांनी तोच शब्द वापरला ते मोजा.