मदत हवी आहे: पतसंस्थांनी आपापसांत उभारलेला ठेव हमी निधी कितपत भरवशाचा?

सर्वांना नमस्कार. मी बेळगावच्या वडगाव भागात राहते आणि आमच्या भागातील एका सौहार्द (कर्नाटकच्या सौहार्द सहकारी कायद्याखाली नोंदलेल्या) पतसंस्थेची गेली ११ वर्षे सभासद आहे. येत्या सप्टेंबरमध्ये संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा आहे. तिच्या विषयपत्रिकेवर असा ठराव आला आहे की, आसपासच्या तालुक्यांतील ४० संस्थांनी मिळून एक ठेव हमी निधी उभारावा, प्रत्येक संस्थेने आपल्याकडील ठेवींवर दर १०० रुपयांमागे वर्षाला ५० पैसे त्यात भरावेत आणि उद्या त्यांपैकी एखादी संस्था बुडाली तर तिच्या ठेवीदारांना १ लाख रुपयांपर्यंतची रक्कम या निधीतून मिळावी. ठरावाला हात वर करावा की आधी काही प्रश्न विचारावेत, आणि विचारायचे तर नेमके कोणते, हे मला जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे.

माझे वडील मागावर बसत. दिवेलागणीला पिग्मी एजंट दारात आला की ते माग थांबवून उठत, हात पुसून ५० रुपये देत आणि छोट्या पुस्तकात एजंटाची सही झाल्याशिवाय आत वळत नसत. ते पैसे साठले की त्यांची मुदत ठेव होई. एका सोमवारी त्या संस्थेचे शटर उघडलेच नाही. पुढे अवसायक (बंद पडलेल्या संस्थेची मालमत्ता विकून देणी भागवणारा अधिकारी) नेमला गेला आणि ८ वर्षांत तीन हप्त्यांमध्ये निम्म्याहून कमी रक्कम हाती आली. शेवटचा हप्ता घ्यायला वडील नव्हते. ती पावती अजून माझ्याकडे आहे. तिच्यावर कन्नडमध्ये ‘ठेवणी’ असे छापले आहे, आणि आपल्या ‘ठेव’शी इतका जवळचा शब्द पाहून वडिलांना वाटे की पावतीवरचे सगळेच आपल्याला कळले. म्हणून ‘हमी’ हा शब्द कानावर आला की मला बरेही वाटते आणि भीतीही वाटते.

मी जे वाचले ते थोडक्यात लिहिते, चुकत असल्यास दुरुस्त करावे. बँकेतील ठेवीला ठेव विमा व पत हमी महामंडळाचे संरक्षण असते; फेब्रुवारी २०२० मध्ये त्याची मर्यादा १ लाखावरून ५ लाखांवर गेली आणि त्याचा हप्ता ठेवीदार नव्हे, बँक भरते. हे संरक्षण नागरी सहकारी बँकांनाही आहे, परंतु आपल्याकडच्या पत्तिन (म्हणजे पत) सोसायट्या, सौहार्द संस्था आणि मल्टीस्टेट (एकाहून अधिक राज्यांत काम करणाऱ्या) पतसंस्था या बँका नसल्यामुळे त्यांना ते लागू नाही. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये याबाबत जाहीर सूचनाही काढली होती. काउंटरवर बसून पैसे मोजून घेणारी व्यक्ती मात्र हा फरक सांगत नाही, आणि विचारावा हे सुचण्याइतका वेळ आपल्यातील बहुतेकांना नसतो.

संस्थांनी स्वतः वर्गणी काढून निधी उभारण्याचा प्रयोग अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर झाला आणि तिथला अनुभव वाचून माझी काळजी वाढली. ओहायो राज्यात बचत व कर्ज संस्थांचा असा एक खासगी हमी निधी होता. सिनसिनाटीची होम स्टेट ही त्याच्या मोठ्या सभासदांपैकी एक. मार्च १९८५ मध्ये फ्लोरिडातील एका रोखे व्यापारी कंपनीचा घोटाळा बाहेर आला, होम स्टेटचे पैसे तिच्यात अडकलेले होते आणि त्या एकट्या संस्थेचे नुकसान भरून काढायलाही निधी पुरला नाही. मग ज्या संस्थांचा त्या घोटाळ्याशी काही संबंध नव्हता त्यांच्या दारांतही रांगा लागल्या, कारण त्यांची हमी घेणारा निधीच रिकामा झाल्याचे लोकांना कळले होते. राज्यपाल रिचर्ड सेलेस्ट यांना सुमारे ७० संस्था तात्पुरत्या बंद कराव्या लागल्या. त्याच वर्षी मे महिन्यात मेरीलँडमध्ये जवळपास तेच घडले आणि ठेवीदारांना महिन्याला १,००० डॉलरपेक्षा जास्त काढता येणार नाहीत असा आदेश निघाला. १ जानेवारी १९९१ रोजी ऱ्होड आयलंडमध्ये नव्या राज्यपालांनी शपथ घेतली आणि त्याच दिवशी ४५ संस्थांना टाळे लावले, कारण तिथला निधीही कोसळला होता.

आमच्या ४० संस्थांच्या ठेवी मिळून अंदाजे ४०० कोटी आहेत असे धरले, तर ५० पैशांच्या दराने वर्षाला २ कोटी जमतील. त्यांतील सर्वांत मोठ्या संस्थेकडे एकटीकडे ९० कोटींच्या ठेवी असतील, तर तिच्या बाबतीत हा निधी काय करू शकेल? आणि न करू शकल्यास बाकीच्या ३९ संस्थांचे काय होईल? माझा मूळ प्रश्न हाच आहे.

प्रतिसाद (निपाणी, निवृत्त लेखापरीक्षक)

ताई, आपली आकडेमोड योग्य जागी आली आहे. ती थोडी पुढे नेतो. ९० कोटींच्या त्या संस्थेने ६५ कोटींची कर्जे दिली असतील आणि त्यांतील चौथा हिस्सा बुडाला, तर साधारण १६ कोटींचा खड्डा पडतो. संस्थेचे स्वतःचे भागभांडवल आणि गंगाजळी त्यातील काही भाग सोसेल, पण उरलेला भार निधीवर येईल आणि पहिल्या पाच वर्षांत तो निधी व्याजासह फार तर ११-१२ कोटींचा असेल. म्हणजे लहान संस्था पडली तर हा निधी उपयोगी आहे, सर्वांत मोठी पडली तर अपुरा आहे. विमा महामंडळाचा दर २०२० मध्ये १०० रुपयांमागे १० पैशांवरून १२ पैसे झाला, आपल्याकडे त्याच्या चौपट पैसे मागत आहेत, तरीही संरक्षण कमी मिळते. याचे कारण असे की तिकडे देशभरातील लहानमोठ्या सर्व बँका भरतात, तर इकडे एकाच पट्ट्यातल्या, एकाच धंद्याला कर्ज देणाऱ्या संस्था भरणार आहेत. ऊसबिले थकली की चिकोडी-अथणीकडच्या संस्थांची वसुली एकाच हंगामात थांबते.

आता दोन बाबी ज्या सभेत सहसा कोणी विचारत नाही. पहिली, वर्गणी हिशेबात कुठे दाखवणार? ती खर्च म्हणून टाकली तर ठीक. पण ‘हमी निधीतील गुंतवणूक’ म्हणून ताळेबंदाच्या मालमत्तेत राहिली, तर तोच रुपया दोनदा मोजला जातो, एकदा निधीची ताकद म्हणून आणि एकदा आपल्या संस्थेची मालमत्ता म्हणून. निधी संपला की त्या दिवशी प्रत्येक सभासद संस्थेच्या ताळेबंदातून तेवढी रक्कम पुसली जाते आणि धडधाकट संस्थाही आजारी दिसू लागते. दुसरी, तपासणी कोण करणार? ऱ्होड आयलंडच्या निधीच्या मंडळावर सभासद संस्थांचीच माणसे होती. माझ्या ३१ वर्षांच्या नोकरीत मी एकही असा चेअरमन पाहिला नाही, ज्याने शेजारच्या चेअरमनची कर्जखाती आपणहून उघडून पाहिली.

सर्वच निधी बुडाले असे मात्र समजू नये. जर्मनीत सहकारी बँकांची परस्पर संरक्षणाची व्यवस्था १९३० च्या दशकापासून चालू आहे. तिचा भर ठेवीदाराला पैसे वाटण्यावर नसून संस्था पडण्याआधी तिला सावरण्यावर आहे. तपासणी स्वतंत्र लेखापरीक्षण संघ करतो आणि ज्या बँकेची जोखीम जास्त तिची वर्गणीही जास्त असते. मॅसॅच्युसेट्समधील निधीही १९३० च्या दशकातलाच, पण तिथे सभासद बँकेला आधी संघीय (अमेरिकेच्या केंद्रीय यंत्रणेचा) ठेव विमा असावाच लागतो आणि त्याच्या वरची रक्कम तेवढी हा निधी सांभाळतो. आपल्याकडे केरळात सहकारी ठेव हमी निधी मंडळ आहे आणि महाराष्ट्राच्या सहकार कायद्यात पतसंस्थांसाठी स्थैर्य व तरलता सहाय्य निधीची तरतूद आहे. मल्टीस्टेट कायद्यात २०२३ च्या दुरुस्तीने आलेला पुनर्वसन निधी वेगळा. तो आजारी संस्थेला उभे करण्यासाठी आहे, ठेवीदाराच्या खात्यासाठी नाही. या सगळ्यांना कायद्याचा किंवा सरकारी योजनेचा आधार आहे. आपल्या ४० संस्थांचा निधी हा नुसता आपसातला करार असेल, तर ठेवीदार त्या करारात पक्षकारच नाही. पैसे मिळणे हा त्याचा हक्क आहे की मंडळाची मर्जी आहे, हे पोटनियमाच्या शब्दांत पाहावे.

प्रतिसाद (अथणी)

लेखापरीक्षक साहेबांच्या बहुतेक मुद्द्यांशी सहमत असूनही एक गोष्ट नोंदवतो. मी एका लहान संस्थेचा संचालक आहे. आमच्याकडे १० कोटींच्या आत ठेवी आहेत आणि संस्था सुस्थितीत आहे, तरी तीन वर्षांपूर्वी शेजारच्या गावातील संस्थेबद्दल अफवा उठल्यावर चार दिवसांत आमच्याकडून ६० लाख रुपये काढून नेले गेले. आमचे पैसे कर्जात होते, बुडालेले नव्हते, पण मोडून लगेच हातात येण्याजोगे नव्हते. अशा वेळी आठवडाभरासाठी हात देणारा निधी असता तर जिल्हा बँकेच्या दारात बसावे लागले नसते. तेव्हा निधी नकोच असे म्हणू नका. त्याने बुडीत भरून द्यायचे आहे की रोखीची अडचण सोडवायची आहे, हे ठरावात वेगवेगळे लिहायला लावा; दुसऱ्या कामासाठी १० कोटीसुद्धा पुष्कळ आहेत.

मूळ प्रश्नकर्तीकडून

दोघांचेही मनापासून आभार. साहेबांनी सांगितल्यावर काल संस्थेत जाऊन निधीच्या पोटनियमांचा मूळ कन्नड मसुदा मागून घेतला. सभासदांना वाटलेल्या मराठी पत्रकात ‘ठेवीदारास रक्कम दिली जाईल’ असे आहे. कन्नड मसुद्यात त्या जागी ‘नीडबहुदु’ हे क्रियापद आहे, म्हणजे ‘देता येईल’. शेजारच्या कन्नड शाळेतील बाईंना दाखवले, तर त्या म्हणाल्या की बंधन घालायचे असते तर ‘नीडतक्कद्दु’ असे लिहिले असते. मी व्यवस्थापकांना विचारले, तेव्हा त्यांनाही हा फरक आता प्रथमच लक्षात आल्याचे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले.

त्यामुळे मी चार दुरुस्त्या लिहून द्यायचे ठरवले आहे: ‘नीडबहुदु’च्या जागी ‘नीडतक्कद्दु’; कोणत्याही एका संस्थेच्या ठेवी निधीच्या किती पट असू शकतील याची मर्यादा; निधीच्या मंडळावर सभासद संस्थांबाहेरचे निम्मे लोक आणि बाहेरचा लेखापरीक्षक; आणि अथणीच्या दादांनी सुचवल्याप्रमाणे रोखीच्या मदतीसाठी वेगळे खाते. नाममात्र (मताचा हक्क नसलेल्या) सभासदांच्या ठेवी या हमीत येतात की नाही, हेही विचारणार आहे, कारण पिग्मी भरणाऱ्या कितीतरी बायका नाममात्र सभासदच असतात. दुरुस्त्या सभेआधी लेखी आणि कन्नडमध्ये द्याव्या लागतील. माझे बोली कन्नड बरे आहे, कायद्याचे नाही. दुसऱ्या दुरुस्तीचा कन्नड मजकूर येथे कोणी नीट करून देऊ शकेल का? शुक्रवारपर्यंत मिळाला तर शनिवारी सकाळी मी तो स्वतः संस्थेत नेऊन देईन आणि पोच घेईन.