नेरुळला खाडीलगत बंगला बांधायचा आहे : वास्तुविशारद आणि बांधकामाबाबत सल्ला हवा

खाडीकाठ :
नमस्कार. नेरुळमध्ये पाम बीच रस्त्याच्या बाजूला सिडकोच्या (नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाच्या) भाडेपट्ट्याचा सुमारे ३०० चौरस मीटरचा बंगल्याचा भूखंड आम्ही रीतसर हस्तांतरण करून घेतला आहे. आम्ही दोघे, मुलगा, सून, नात आणि गुडघेदुखीमुळे जिना चढू न शकणारी माझी आई असे सहा जण तेथे राहणार आहोत, आणि आयुष्यात घर एकदाच बांधून होणार असल्याने ते पुढच्या पिढीपर्यंत टिकावे अशी मनापासून इच्छा आहे. आतापर्यंत तीन वास्तुविशारदांना भेटलो. तिघांनीही खाडीच्या बाजूला दोन मजले उंचीची अखंड काच दाखवली. चित्रे देखणी होती. मात्र खाऱ्या हवेत सळई कशी टिकणार, या प्रश्नाला एकाकडूनही समाधानकारक उत्तर मिळाले नाही. वास्तुविशारद निवडताना काय पाहावे आणि बांधकामात कोणत्या गोष्टींवर तडजोड करू नये, याचे मार्गदर्शन जाणकारांनी करावे.

पारसिकवासी :
नेरुळला खाडी पश्चिमेला आहे, हे प्रथम लक्षात घ्यावे. म्हणजे ज्या दिशेला नजारा आहे, त्याच दिशेने मार्च ते मे दुपारचे ऊन येते आणि जून ते सप्टेंबर नैऋत्येचा पाऊस आडवा मारतो. तेथे उघडी काच लावली, तर वर्षातले बरेच महिने पडदे ओढून आणि एसी लावून बसावे लागेल. त्याऐवजी पश्चिमेला सात-आठ फूट खोल पडवी घ्यावी, तिच्यावर उतरते छप्पर असावे आणि काच तिच्या आत, सावलीत असावी. खाडी तेवढीच दिसेल आणि पावसाळ्यातही दारे उघडी ठेवता येतील. कोकणातल्या घरांना पडवी आणि ओटी उगीच नव्हती.

वास्तुविशारद ठरवण्याआधी बेलापूरचे आर्टिस्ट व्हिलेज ही बैठ्या घरांची वसाहत एकदा पायी फिरून पाहावे. सुरुवातीच्या काळात सिडकोचे मुख्य वास्तुविशारद राहिलेल्या चार्ल्स कोरिया यांनी १९८०च्या दशकात ती रचली. साधारण सात-सात घरे एका सामाईक अंगणाभोवती आहेत, आणि प्रत्येक कुटुंबाला पुढे आपले घर वाढवता यावे म्हणून कोणत्याही दोन घरांत सामाईक भिंत नाही. मूळची बरीच घरे आता बदललेली आहेत, तरी उघड्या आकाशाखालची जागा हीसुद्धा घरातली एक खोलीच असते, हे तेथे जितके पटते तितके चित्रात पटत नाही. आपल्या भूखंडाच्या मधोमध एक लहान चौक ठेवता आला, तर आतल्या खोल्यांना उजेड आणि वारा दोन्ही मिळतील.

सळई_आणि_सिमेंट :
मी स्ट्रक्चरल सल्लागार (इमारतीच्या सांगाड्याचा अभियंता) म्हणून ठाणे आणि नवी मुंबईत काम करतो. आपण काचेआधी सळईविषयी विचारले, याचा आनंद झाला.

काँक्रीट अल्कधर्मी असल्यामुळे सळईवर एक संरक्षक थर तयार होतो. हवेतून किंवा पाण्यातून आलेले क्लोराइड (मिठातला घटक) तिथवर पोहोचले की तो थर तुटतो, गंज धरतो, आणि गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कितीतरी पट असल्याने काँक्रीट आतून फुटते. म्हणून ‘आयएस ४५६ : २०००’ या काँक्रीटच्या भारतीय मानकात किनाऱ्याच्या उघड्या वातावरणातील बांधकाम ‘तीव्र’ गटात धरले आहे. त्यासाठी किमान एम ३० प्रतीचे (ही प्रत ताकदीवरून ठरते) काँक्रीट, पाणी-सिमेंट प्रमाण जास्तीत जास्त ०.४५ आणि सळईवर ४५ मिलिमीटर काँक्रीटचे आवरण सांगितले आहे. हे आकडे नकाशावर लिहून घ्यावेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे स्लॅब भरण्याआधी फूटपट्टी घेऊन आवरण मोजावे, कारण नकाशावरचे ४५ मिलिमीटर साइटवर अनेकदा २० होतात. सळईखाली योग्य मापाच्या कव्हर ब्लॉकऐवजी (आवरणाची जागा राखणाऱ्या ठोकळ्याऐवजी) खडीचा तुकडा सरकवला जातो.

पाण्याची तपासणीही करून घ्यावी. खाडीलगतच्या बोअरवेलचे पाणी बहुधा मचूळ असते, आणि सळईच्या काँक्रीटसाठी वापरायच्या पाण्यात क्लोराइडची मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. टँकरचे पाणीही प्रयोगशाळेत दाखवल्याशिवाय वापरू नये. खाडीची रेती टाळून धुतलेली क्रश सँड (दगड फोडून केलेली रेती) घ्यावी. स्लॅग सिमेंटच्या (पोलाद कारखान्यातली मळी मिसळलेल्या सिमेंटच्या) काँक्रीटमध्ये क्लोराइड सावकाश शिरते, मात्र त्याला किमान १० दिवस, जमल्यास १४ दिवस पाणी मारले पाहिजे.

पायासाठी बोअर घेऊन मातीची तपासणी अनिवार्य समजावी. खाडीकडच्या भागात भरावाखाली मऊ सागरी चिकणमाती असू शकते. तशी निघाल्यास राफ्ट (घराखाली अखंड काँक्रीटचा पाया) किंवा पाइलचा (जमिनीत खोलवर नेलेल्या खांबांचा) विचार करावा लागतो. शेजाऱ्याच्या पायाची नक्कल करू नये.

ऐरोलीकर :
वरील प्रतिसादाला माझा अनुभव जोडतो. आमच्या घराला आठवे वर्ष लागले तेव्हा पश्चिमेच्या गॅलरीच्या बीमचा गिलावा पडला आणि आतली सळई पापुद्रे सुटलेली दिसली. ठेकेदाराने सगळे काम बोअरच्या पाण्यावर केले होते आणि आमचे वास्तुविशारद संपूर्ण बांधकामात चारदाच साइटवर आले होते. दुरुस्तीसाठी आम्हाला पूर्ण गॅलरी तोडावी लागली, आणि त्या चार महिन्यांत वडिलांना घराबाहेर राहावे लागले, याचे आजही वाईट वाटते. म्हणून करारात साइटभेटींची संख्या आणि प्रत्येक स्लॅबआधीची तपासणी लेखी घ्यावी.

पारसिकवासी :
ऐरोलीकरांचे म्हणणे अगदी योग्य आहे. वास्तुविशारदाची कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर या वास्तुविशारदांच्या वैधानिक परिषदेकडील नोंदणी तर पाहावीच. शिवाय त्यांनी दहा वर्षांपूर्वी किनाऱ्याजवळ बांधलेले एखादे घर दाखवण्याची विनंती करावी, आणि शक्यतो ते पावसाळा संपताच, सप्टेंबरअखेरीस पाहावे. ओल, गंजलेले कठडे आणि फुगलेली दारे तेव्हा लपत नाहीत. कठडे व बिजागऱ्या स्टेनलेस स्टीलच्या ३१६ प्रतीच्या घ्याव्यात. ३०४ वर खाऱ्या हवेत लवकर डाग येतात.

खाडीकाठ :
सर्वांचे मनःपूर्वक आभार. दोन शंका उरल्या आहेत. कांदळवनाच्या अंतराचा नियम आम्हाला लागू होईल का, आणि जोते किती उंच ठेवावे?

सळई_आणि_सिमेंट :
२०१९च्या किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेनुसार १,००० चौरस मीटरहून मोठ्या कांदळवनाभोवती ५० मीटरचा पट्टा संरक्षित आहे. त्यामुळे नकाशे काढण्याआधीच मंजूर किनारा व्यवस्थापन आराखड्यावर आपला भूखंड दाखवून घ्यावा, आणि महानगरपालिकेच्या बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्राबरोबर सिडकोच्या भाडेपट्ट्यातील बांधकामाची मुदतही तपासावी.

जोत्याबाबत सांगायचे, तर सखल भागांतले पावसाचे पाणी धारण तलावांत (पाणी साठवून खाडीत सोडणाऱ्या तलावांत) जाते आणि भरतीच्या वेळी त्यांचे खाडीकडचे दरवाजे बंद असतात. त्यामुळे मोठी भरती आणि जोराचा पाऊस एकत्र आले की पाणी रस्त्यावर थांबते. त्या रस्त्यावर आजवर पाणी कुठवर चढले, हे जुन्या रहिवाशांना विचारून जोते त्याच्या वर ठेवावे. आजींसाठी पायऱ्यांऐवजी बाराला एक या उताराचा रॅम्प आखावा. जोते तीन फूट उंच घेतल्यास त्याची लांबी छत्तीस फूट होते, म्हणून त्याची जागा पहिल्याच नकाशात राखून ठेवावी.