नकाशा उघडून पुस्तक वाचणं

वर कुणीतरी विचारलंय की पुस्तक वाचताना शेजारी नकाशा उघडून ठेवायची सवय अजून कोणाला आहे का, तर मला आहे आणि ती लागली गोडसे भटजींच्या 'माझा प्रवास'मुळे. पेण तालुक्यातल्या वरसईचा हा भिक्षुक १८५७ साली चार पैसे मिळवायला म्हणून काकांबरोबर उत्तरेत निघाला आणि नेमका बंडात सापडला. महू, ग्वाल्हेर, झाशी, काल्पी अशी नावं वाचत गेलं की ती नुसतीच डोळ्याखालून जातात, पण मी एकेका गावावर पिन टाकत गेले ना, तेव्हा पहिल्यांदा पोटात गोळा आला. झाशी पडल्यावर ते काल्पीकडे गेले, ते अंतर आज गाडीने साधारण दीडशे किलोमीटर, तीनेक तासांचं काम. त्यांनी ते एप्रिलच्या उन्हात, लुटले गेलेले असताना, जीव मुठीत धरून कापलं!

दुसरं म्हणजे त्यांचं मोजमाप कोसात आणि मुक्कामात. आपला नकाशा सगळे किलोमीटर सारखेच दाखवतो, त्यांच्या लिहिण्यात मात्र पाणी कुठे मिळालं, रात्री आसरा कोणी दिला यावर गाव जवळ की लांब ते ठरतं. मला तर तोच जास्त खरा नकाशा वाटतो.

आणि शेवटी तो माणूस गंगेची कावड खांद्यावर घेऊन घरी आलाय हो, आईवडिलांना स्नान घालायला. काशी ते वरसई ही रेघ एकदा नकाशावर ओढून बघाच.